'लीव्ह्ज ऑफ ग्रास' वाचायला घेताना

अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन वाचायचा असेल तर त्याच्या 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' (गवताची पाती) या कवितासंग्रहाच्या १८५५च्या पहिल्या आवृत्तीपासूनच सुरुवात करा. १८९१-९२च्या शेवटच्या आवृत्तीत चारशेच्या आसपास कविता आहेत, नवा वाचक त्यात गुदमरतो. पहिलीत फक्त बारा. तिची मूळ पानं 'व्हिटमन अर्काइव्ह' या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. नुसता मजकूर वाचू नका, पान बघा.

मी तीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले, म्हणून हा आग्रह. हा कवीही छापखान्यातच वाढला. सुताराचा मुलगा, अकराव्या वर्षी शाळा सुटली, बाराव्या वर्षी छापखान्यात उमेदवारी. हे पुस्तक त्याने ब्रुकलिनमध्ये रोम बंधूंच्या छापखान्यात पदरचे पैसे घालून छापून घेतलं, ७९५ प्रती. काही पानांचे खिळे तर स्वतःच जुळवले.

आधी मुखपृष्ठाच्या आतलं पान पाहा. कवीचं नाव नाही. समोर चित्र आहे: डोक्यावर हॅट, सदऱ्याचं वरचं बटण उघडं, एक हात कमरेवर, दुसरा खिशात. नाव कवितेतच भेटतं, पहिल्या कवितेच्या पाचशेव्या ओळीच्या आसपास. तिथे तो स्वतःला अमेरिकन आणि रांगड्यांपैकी एक म्हणवतो. शेवटच्या आवृत्तीत तीच ओळ काढून बघा. 'रांगडा' गेलेला आहे. मला त्याची हळहळ वाटते.

आता मोठ्याने वाचा. पान मोठं, तरी ओळ इतकी लांब की मावत नाही. खाली आत सरकवलेले शब्द नवी ओळ नव्हेत, वरच्याच ओळीचं शेपूट आहे. तिथे थांबू नका, श्वास पुरवा. थांबायचं ते चार टिंबांपाशी. ती या आवृत्तीत जागोजागी आहेत. एकेक टिंब चिमटीत धरून बसवावं लागतं. खिळे जुळवणारा माणूस ती उगाच घालत नाही. यमक शोधू नका, वृत्तही नाही. पण तोच शब्द ओळीमागून ओळीच्या सुरुवातीला येतो, ताल तिथून धरा.

पहिल्या दिवशी पहिल्या कवितेतल्या लहान मुलाच्या प्रसंगापर्यंतच जा. मूल ओंजळभर गवत आणून विचारतं, गवत म्हणजे काय? कवी म्हणतो, त्याच्याहून जास्त मला तरी कुठे ठाऊक आहे. मग एकेक अंदाज बांधत तो थडग्यांवरच्या न कापलेल्या केसांपर्यंत पोचतो. तेवढा भाग दोनदा वाचा आणि पुस्तक मिटा.