अजिंठ्याला निघण्याआधी

सगळ्यात आधी वार बघा. सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात आणि मंगळवारी वेरूळची, त्यामुळे दोन्ही एकाच फेरीत करायची असतील तर बेत बुधवार ते रविवारात बसवा. संभाजीनगरहून एसटीने येत असाल तर कंडक्टरकडे नुसतं ‘अजिंठा’ मागू नका. अजिंठा गाव घाटाच्या वर आहे आणि लेणी घाट उतरल्यावर, फर्दापूरच्या थोडं अलीकडे. ‘लेणी फाटा’ म्हणा. स्वतःची गाडीही फाट्यावरच ठेवावी लागते. पुढचे चारेक किलोमीटर लेण्यांच्या बसने जायचं.

पिशवीत पाणी, टोपी आणि जाड सुती मोजे हवेतच. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात आणि उन्हाळ्यात दारातला दगड चटका देतो. चपला पटकन निघणाऱ्या घाला. खाऊ हातात धरून फिरू नका, वानरं टपलेली असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना चढण झेपणार नसेल तर खाली डोलीवाले भेटतात. भाव आधीच ठरवा. लहानशी दुर्बीण असेल तर ती नक्की घ्या. २ क्रमांकाच्या लेण्याचं छत मान वर करून नुसत्या डोळ्यांनी अर्धंच दिसतं.

फ्लॅशला बंदी आहेच, पण मोबाइलचा उजेडही चित्रांवर मारू नका. ही चित्रं दगडावर थेट काढलेली नाहीत. माती, भाताचं तूस, शेण यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. शेकडो वर्षं टिकलेला हा पापुद्रा दमट श्वासानेही खराब होतो, मग बोट लावायचा प्रश्नच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची तयारी, डोळ्यांची. उन्हातून १ क्रमांकात शिरलं की आधी फक्त काळोख दिसतो. लोक ‘काही दिसत नाही’ म्हणत दोन मिनिटांत बाहेर पडतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. आईला घेऊन गेलो होतो तेव्हा आम्ही एका खांबाशी गप्प उभे राहिलो. हळूहळू आधी एक निळं कमळ वर आलं, मग ते धरलेली बोटं, मग पद्मपाणीचा, म्हणजे हाती कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाचा, खाली झुकलेला चेहरा. आई कितीतरी वेळ तिथून हलली नाही.

लेणी तीस आहेत, पण क्रमांक काळाप्रमाणे नाहीत, ओळीने दिलेत. घाई असेल तर १, २, १६, १७, १९ आणि २६ पाहा. त्याआधी जमल्यास १० मध्ये शिरा. हे सातवाहनकाळातलं चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनागृह. त्याच्या दर्शनी कमानीवर वासिठीपुत कटहादी नावाच्या दात्याचा ब्राह्मी लेख आहे. त्यातले ‘घरमुख’ आणि ‘दान’ हे शब्द दोन हजार वर्षांनंतरही आपल्याला कुणी उलगडून सांगावे लागत नाहीत. आत एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ या तारखेसह आपलं नाव कोरलंय, तेही डोक्याच्या वर, कारण तेव्हा लेण्यात गाळ साचलेला होता. मुलांना ते जरूर दाखवा आणि भिंतीवर नाव कोरणं म्हणजे काय नुकसान, तेही तिथेच सांगा. २४ क्रमांक अर्धवट राहिलंय. छिन्नीचे घाव उघडे दिसतात, कामाची रीत तिथे कळते.

पावसाळ्यात वाघूर नदी भरते, धबधबे कोसळतात, दरी हिरवीगार होते, पण वाटा निसरड्या होतात. पहिल्यांदा येणाऱ्याने हिवाळाच निवडावा.

आणि पायांत जोर २६ क्रमांकासाठी राखून ठेवा. ते जवळजवळ शेवटी आहे, तिथे पोहोचेपर्यंत लोक थकलेले असतात. डाव्या भिंतीवर साधारण सात मीटर लांबीचा बुद्ध उजव्या कुशीवर निजलाय, महापरिनिर्वाणाचा. खाली शोकाकुल शिष्य बसलेत, वर आकाशात देव जमलेत. पायांकडून सुरुवात करा, उशीपर्यंत सावकाश चालत जा.