क्रोशेचं कार्ड पाऊच विणताय? या चुका टाळा

कार्ड पाऊच म्हणजे एवढंसं काम, एका बैठकीत होईल असं वाटतं आणि मग एकतर कार्ड आत जातच नाही, नाहीतर पाऊच उलटं झालं की सगळी कार्डं खाली. बिघडतं बहुतेक वेळा पहिल्या दोन ओळींतच, पण कळतं पार शेवटी, फ्लॅप म्हणजे वरचं झाकण लावताना. म्हणून विणायला बसताना एक जुनं कार्ड शेजारी ठेवाच आणि दर दोन-तीन ओळींनी त्याच्यावर माप धरून बघा.

सगळ्यात जास्त घोळ मापाचा होतो. बँकेचं कार्ड ८.५६ सेंमी लांब आणि ५.४ सेंमी रुंद असतं, जगात कुठेही हेच, पण म्हणून पाऊच साडेआठ सेंमीचं करू नका कारण विणीलाही जाडी असते, शिवाय सहा कार्डं एकावर एक ठेवली की साडेचार मिमीची गड्डी होते. आडवी ठेवायची असतील तर रुंदी साडेनऊच्या आसपास धरा. पॅटर्नमधले टाके डोळे मिटून घेऊ नका, प्रत्येकीचा हात वेगळा. छोटा तुकडा विणून मोजा, समजा ५ सेंमीत १२ टाके बसले तर साडेनऊला २३ लागतील, गोल विणताना दोन्ही बाजू मिळून ४६.

म्हणजे २४ साखळ्या घालायच्या, सुईजवळची एक सोडून २३ मुके खांब (आखूड, घट्ट टाका, म्हणजे सिंगल क्रोशे), मग काम फिरवून साखळीच्या खालच्या अंगाने परत २३. इथे टोकाच्या साखळीत सवयीने तीन-तीन टाके भरले जातात, तळ फुगतो आणि पाऊच चपटं बसतच नाही. पहिली साखळी घट्ट झाली तर उलटं, तळ आखूड आणि तोंड पसरट, त्यावर उपाय म्हणजे फक्त साखळी अर्धा मिमी मोठ्या सुईने घाला आणि पुढे नेहमीची सुई घ्या.

सपाट तुकडा विणून दुमडणार असाल तर कडा तिरक्या जातात ही कायमची तक्रार. कारण साधं आहे, ओळीचा शेवटचा टाका सुटतो. मुक्या खांबात वळतानाची एक साखळी टाका म्हणून मोजायची नसते. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात मार्कर (खुणेची छोटी क्लिप) नाहीतर वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा आणि निदान सुरुवातीला तरी दर ओळीला मोजा, कंटाळा आला तरी, उसवण्यापेक्षा बरं.

काम लवकर संपावं म्हणून साधा खांब, म्हणजे मुक्या खांबापेक्षा उंच टाका, घेऊ नका, त्यात फटी राहतात आणि कार्डाचे कोपरे बाहेर डोकावतात. मुका खांबच घ्या, सुई दोऱ्याच्या लेबलवर लिहिलीय त्यापेक्षा थोडी बारीक. दोरा माझ्या मते कॉटनच, लोकर मऊ लागते पण वापरून वापरून ताणली जाते आणि तोंड ढिलं पडतं.

आता फ्लॅप. गोल विणताना टाके हळूहळू एका बाजूला सरकत जातात, त्यामुळे ओळ जिथे संपली तिथूनच फ्लॅप सुरू केला तर तो वाकडा येणार. आत कार्ड घाला, पाऊच सपाट करा, दोन्ही कडांना मार्कर लावा आणि मगच सुरू करा. बटणाची जागाही कार्डं भरून ठरवा, रिकाम्या पाऊचवर लावलेलं बटण नंतर पोचत नाही. आणि मॅग्नेटचं बटण कितीही छान दिसलं तरी इथे नको, मागे काळी पट्टी असलेली कार्डं त्याने खराब होऊ शकतात.

दोऱ्याचं टोक अगदी कडेला कापू नका, १५ सेंमी ठेवा आणि दाभणाने एकदा इकडे एकदा तिकडे असं ओवा. एवढं करूनही थोडं वेडंवाकडं दिसत असेल तर लगेच उसवू नका, कॉटनचं पाऊच ओलं करा, कार्डाच्या मापाचा पुठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत सरकवा आणि तसंच वाळू द्या, बऱ्यापैकी सरळ होतं.