नागपूरहून कुस्को: डे ट्रिप उंचीच्या क्रमाने कशा आखाव्यात

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर आहे आणि पेरूमधलं कुस्को 3,400 मीटरवर. लिमाहून कुस्कोचं विमान सव्वा तासात पोचतं, म्हणजे सकाळी समुद्रकाठी असलेला माणूस दुपारच्या जेवणाआधी जवळजवळ लेहच्या उंचीवर असतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. पाच हजार मीटरवर तो जेमतेम निम्म्यापेक्षा थोडा जास्त.

बहुतेक तयार कार्यक्रम नकाशावरचं अंतर बघून बनवलेले असतात. पहिल्या दिवशी शहर, दुसऱ्या दिवशी रेनबो माउंटन, मग माचू पिचू हे इंका लोकांचं जुनं डोंगरी शहर. कागदावर हे छान दिसतं आणि दुसऱ्या दिवशी अर्धी गाडी पिशवीत उलट्या करते. अँडीजमध्ये ठिकाणं उंचीच्या क्रमाने लावायची असतात. हा क्रम आधी लिहून काढा: माचू पिचू 2,430 मीटर, ओयान्तायतांबो 2,790, उरुबांबा 2,870, पिसाक गाव 2,970, कुस्को 3,400, मोराय 3,500, साक्सायवामान 3,700, चिंचेरो 3,760, पुनो 3,812, उमांताय तलाव 4,200, पाल्कोयो 4,900, विनिकुंका म्हणजेच रेनबो माउंटन 5,036. माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे, हे अनेकांना तिकीट काढेपर्यंत ठाऊक नसतं. सगळ्या आखणीची किल्ली इथेच आहे.

कधी जायचं

मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, त्यामुळे मुलांची सुट्टी आणि तिथला चांगला हंगाम बरोबर जुळतात. त्यातही मे उत्तम: आभाळ मोकळं, डोंगर अजून हिरवट, गर्दी कमी. 24 जूनला कुस्कोत इंती राइमी हा सूर्योत्सव असतो. तो बघायचा असेल तर हॉटेल काही महिने आधी धरा, नसेल तर तो आठवडाच टाळा. डिसेंबर ते मार्च पाऊस, दरडी, रद्द होणाऱ्या गाड्या.

एक अडचण मात्र आपली स्वतःची. मे महिन्यात नागपुरात पारा 45 वर असताना कुस्कोत थंडी असते आणि जून-जुलैच्या रात्री पारा शून्याजवळ जातो. त्या दिवसांत आपल्याकडे लोकरीचं काही मिळत नाही. थर्मल, फ्लीस आणि वारा अडवणारं जॅकेट हिवाळ्यातच, तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार लागतो तेव्हा घेऊन ठेवा. एकच जाडजूड कोट नेऊ नका. पहाटे 2 अंश आणि दुपारी 20 अंश अशा दिवसाला तीन पातळ थर उपयोगी पडतात. टोपी दोरीची हवी, कारण वारा टोपी उडवतो आणि ऊन थंड वाटलं तरी भाजतं. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण 10 टक्क्यांनी वाढतात. सनस्क्रीन ओठांना आणि कानांच्या पाळ्यांनाही लावा.

पहिले तीन दिवस खाली काढा

नागपूर ते लिमा थेट विमान नाही. दिल्ली किंवा मुंबई आणि मग युरोपातलं एखादं शहर असा प्रवास होतो. पेरूची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. लिमाला एक रात्र झोपा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं कुस्कोचं विमान घ्या.

कुस्को विमानतळावर उतरलात की शहरात थांबू नका. टॅक्सीने थेट उरुबांबा नदीच्या खोऱ्यातल्या ओयान्तायतांबो गावाला जा. वाटेत गाडी 3,700 मीटरच्या वर चढते, पण झोपायचं 2,790 मीटरवर. शरीराचा हिशेब रात्री कुठे झोपलात यावर चालतो. ओयान्तायतांबोत तीन रात्री काढा. पहिला दिवस फक्त गावातल्या दगडी गल्ल्या, सावकाश चालणं, हलकं जेवण. आंघोळही कोमट पाण्याने आणि झटपट. कढत पाण्याखाली फार वेळ उभं राहिलं की चक्कर येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या डोक्यावरचा किल्ला. दरवाजा उघडताच आत शिरा, कारण साडेदहानंतर कुस्कोच्या बसगाड्या येतात. वर सहा प्रचंड गुलाबी शिळा शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि दोन शिळांच्या मधल्या फटीत दगडाचीच अरुंद पट्टी अचूक बसवलेली आहे. या शिळा नदीपलीकडच्या डोंगरातल्या काचिकाता खाणीतून आणल्या. वाटेत सोडून दिलेले दगड अजून पडून आहेत. दुपारी टॅक्सी करून मोराय आणि मारास. मोरायला गोलाकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची शेती आहे, मारासला खारट झऱ्याच्या पाण्यावर चालणारी तीन हजारांहून जास्त मिठागरं. मिठागरांत आता चालू देत नाहीत, वरच्या वाटेवरूनच बघायचं. दुपारी तीननंतरच्या तिरप्या उन्हात ती जास्त चांगली दिसतात.

तिसरा दिवस माचू पिचूचा. तिथे रस्ता जात नाही. ओयान्तायतांबोहून रेल्वेने साधारण पावणेदोन तास, उतरायचं आग्वास कालिएन्तेसला, पुढे बसने अर्धा तास. जाताना डाव्या बाजूची जागा मिळाली तर नदी दिसत राहते. मोठी बॅग गाडीत घेत नाहीत, ती हॉटेलात ठेवा.

तिकिटांचा क्रम चुकला की सगळं बिघडतं. आधी माचू पिचूचं प्रवेशतिकीट, मग रेल्वे, मग हॉटेल. प्रवेश ठरलेल्या वेळेचा आणि ठरलेल्या सर्किटचा, म्हणजे आतल्या ठरलेल्या वाटेचा असतो. फोटोत दिसतं ते दृश्य वरून बघायचं तर सर्किट 1, दृश्य आणि आतला परिसर दोन्ही हवं तर सर्किट 2. सर्किट 3 खालून फिरतं आणि उरलेली तिकिटं बहुधा त्याचीच असतात, म्हणून स्वस्तात मिळालं असं समजून ते घेऊ नका. हुआयना पिचूचा सुळका चढायचा असेल तरच ते मुद्दाम घ्या. मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही. तिकिटावरचं नाव आणि क्रमांक पासपोर्टाशी तंतोतंत जुळला पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, तिथे हमखास घोळ होतो. आत स्वच्छतागृह नाही आणि बाहेर पडलात की पुन्हा प्रवेश नाही, म्हणून दारावरच उरकून घ्या.

पासचं गणित

कुस्को परिसरातल्या 16 ठिकाणांसाठी एकत्र पास आहे, बोलेतो तुरिस्तिको. पूर्ण पास 130 सोल (सोल हे पेरूचं चलन), 10 दिवस चालतो. अर्धवट पास 70 सोलचा. खोऱ्यातली ठिकाणं म्हणजे पिसाक, ओयान्तायतांबो, मोराय आणि चिंचेरो एका अर्धवट पासात आहेत आणि कुस्कोच्या वरच्या साक्सायवामान वगैरे अवशेषांची ओळ दुसऱ्यात. दोन्ही घेतले तर 140 होतात, म्हणून दोन्ही भाग बघणाऱ्याने पूर्ण पासच घ्यावा. प्रत्येक ठिकाणी एकदाच प्रवेश. माचू पिचू, मारासची मिठागरं आणि कुस्कोतलं ‘कोरिकांचा’ नावाचं सूर्यमंदिर यात नाहीत, तिथे वेगळे पैसे. पास रोख सोलमध्ये घ्यायची तयारी ठेवा. डॉलर नेत असाल तर नोटा कोऱ्या न्या. कोपरा जरासा फाटलेली किंवा शिक्का मारलेली नोट तिथला दुकानदार उजेडात धरून बघतो आणि परत करतो.

कुस्को शहर, उतरत बघायचं

चौथ्या दिवशी पिसाक करत कुस्कोला या. पिसाकचे अवशेष गावाच्या खूप वर आहेत. टॅक्सीने वरच्या दारापर्यंत जा आणि पायऱ्यांच्या शेतीच्या कडेने दीड-दोन तासांत चालत गावात उतरा. उलट दिशेने चढणारे निम्म्या वाटेत बसलेले दिसतात. गुडघे दुखत असतील तर मात्र उतरणंही जड जाईल, मग वरचा भाग बघून टॅक्सीनेच खाली या.

पाचव्या दिवशी हीच युक्ती कुस्कोत. टॅक्सीने तांबोमाचायला जा, तिथून पुका पुकारा, केंको आणि साक्सायवामान करत शहरात उतरा. सुमारे आठ किलोमीटर, जवळजवळ सगळा उतार, निवांत अर्धा दिवस. साक्सायवामानच्या नागमोडी भिंतीजवळ दहा मिनिटं नुसते उभे राहा. चुना नाही, माती नाही, तरी सांध्यात पातं शिरत नाही. संध्याकाळी खाली हातून रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड. गर्दी दिसेल तिथे तो आहे. हात लावू नका, त्यावरून दंड होतो.

आता वर

कुस्कोत दोन रात्री नीट झोप लागली आणि डोकं दुखत नसेल, तरच चार हजारांच्या वरचा विचार करा. उमांताय तलावाला पहाटे चार-साडेचारला गाडी निघते. मोयेपातामार्गे सोरायपांपाला पोचतात आणि तिथून तासा-दीड तासाची चढण. अंतर थोडं, पण चढ खडा. वरती हिरवट-निळं पाणी आणि मागे बर्फ.

रेनबो माउंटनबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: घरातले ज्येष्ठ बरोबर असतील तर विनिकुंकाऐवजी पाल्कोयोला जा. उंची जवळपास तेवढीच, पण चालणं अर्ध्या-पाऊण तासाचं आणि सपाट. रंग थोडे फिके, गर्दी मात्र खूप कमी. विनिकुंकाला साधारण 4,600 मीटरपासून चालायला सुरुवात होते आणि शेवटचा टप्पा छातीवर येतो. घोडा मिळतो, पण तो शेवटच्या चढाच्या अलीकडे सोडतो. पाऊस किंवा बर्फ पडला असेल तर रंग दिसतच नाहीत, म्हणून तारीख आधी पक्की करू नका. आदल्या संध्याकाळी हवामान बघून ठरवा.

पुनो आणि तितिकाका सरोवर शेवटी. तिथे रात्र 3,812 मीटरवर काढावी लागते. उरोसची लव्हाळ्याची तरंगती बेटं अर्ध्या दिवसात होतात. ताकिले बेटाला पूर्ण दिवस लागतो, बंदरापासून गावात जायला खड्या पायऱ्या आहेत आणि तिथे पुरुष चालता चालता टोप्या विणताना दिसतात.

काय बिघडतं आणि का

उंचीचा त्रास पोचल्याबरोबर होत नाही, साधारण 6 ते 12 तासांनी सुरू होतो. म्हणून दुपारी ‘मला काही झालं नाही’ म्हणणारा रात्री डोकं धरून बसतो. रामटेकच्या पायऱ्या आणि अंबाझरीची चक्कर यांनी पाय आणि दम तयार होतो, पण या त्रासाशी त्याचा संबंध नाही. उलट धडधाकट लोकच घाई करतात आणि आधी पडतात.

अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी साधारणतः 125 मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. ती नागपुरातच डॉक्टरांना विचारून घ्या. सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास, बीपीच्या गोळ्या हे सगळं सांगा. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवी होणं हा तिचा नेहमीचा परिणाम आहे. पहिल्या दोन रात्री दारू आणि झोपेची गोळी नको. साडेदहा तासांच्या फरकामुळे पहाटे तीनला जाग येणारच, तिला उंचीचा त्रास समजू नका. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर मात्र तो उंचीचाच धरा आणि त्या दिवशी वर चढू नका.

ऑक्सिमीटरवर कुस्कोत 85 ते 92 हा आकडा दिसला तर घाबरायचं कारण नाही. गारठलेल्या बोटावर तो आणखी कमी दाखवतो, आधी हात चोळून गरम करा. आकड्यापेक्षा माणूस बघा. फरशीच्या सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावत चालता येत नसेल, बसल्या जागी धाप लागत असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर सकाळची वाट न बघता खाली न्यायचं आणि दवाखाना गाठायचा.

खाण्याचं. कुस्कोत पाणी 89 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि चहा फिका होतो. नागपुरात सीलबंद केलेली चिवड्याची पाकिटं तिथे फुगून टम्म होतात, कधी फुटतात. आधीच टाचणीने बारीक भोक पाडून वरून टेप लावा. शाम्पूची बाटली दाबून, हवा काढून बंद करा. पोटातला वायूही तसाच फुगतो, म्हणून रात्री सूप आणि भात बरा. मुन्या नावाच्या पुदिन्यासारख्या पाल्याचा चहा त्यावर चांगला.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणू नका. कार्ने म्हणजे अनेकांच्या मते फक्त लाल मांस, कोंबडी त्यात येत नाही. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे पोयो’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे आणि कोंबडीचं पाणी नको, असं पूर्ण म्हणा. शेवटचं सुपासाठी महत्त्वाचं, कारण किन्वाचं सूपही बहुधा कोंबडीच्या पाण्यात करतात. जैन जेवण अवघड आहे, तो मुलूखच बटाट्याचा.

परतीचं

कुस्कोहून लिमाचं विमान आणि लिमाहून परतीचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. दुपारी वाऱ्या-ढगांमुळे कुस्कोची उड्डाणं लांबतात.

पेरू हा भारताच्या पीतज्वर (यलो फीव्हर) यादीतला देश आहे. परत येताना लशीचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, म्हणून निघायच्या महिनाभर आधी घ्या. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, ही जिवंत विषाणूची लस आहे.

कोकेन ज्यापासून बनतं त्या कोकाच्या पानांचा चहा तिथे प्रत्येक हॉटेलात ठेवलेला असतो आणि कायदेशीर आहे. नोकरीच्या ठिकाणी मादक पदार्थांची तपासणी होत असेल तर तो पिऊ नका, लघवीच्या चाचणीत दिसतो. पानं, चहाच्या पिशव्या, कोकाच्या गोळ्या यातलं काहीही बॅगेत घालून आणू नका. आपल्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यात कोकाचं पानही येतं, आणि भेट म्हणून आणलं होतं हे विमानतळावर ऐकून घेत नाहीत.