शाळेत डबे मांडण्याआधी

कचरा वेगळा करायचे रंगीत डबे सगळ्यात शेवटी आणायचे. आधी भंगारवाल्याशी बोला: कोणता कागद घेणार, पुठ्ठा वेगळा हवा का, किती किलो जमल्यावर गाडी पाठवणार. तो जे घेत नाही त्यासाठी डबा ठेवणे म्हणजे मुलांची फसवणूक. वेफरच्या पाकिटांतले चिकटलेले थर सुटे करणे अवघड, म्हणून ती सहसा कुणी घेत नाही. ती शाळेत येणेच कमी करावे लागते.

मग आठवडाभर शाळेतल्या कचऱ्याची मोजणी करा. परीक्षा वा कार्यक्रम नसलेला आठवडा निवडा आणि मुलांना आधी सांगू नका, नाहीतर तेवढ्यापुरते सगळेच शहाणे होतात. ताडपत्री, जाड हातमोजे, चिमटे आणि ताणकाटा पुरतो. वजनाबरोबर पिशव्याही मोजा: उष्टे वजनात भरते, प्लास्टिक जागा खाते, आणि डब्याचा आकार कचरा किती जागा घेतो त्यावरूनच ठरतो.

सफाई करणाऱ्या मावशी-काकांना पहिल्या बैठकीलाच बोलवा. दिवसभर वेगळा ठेवलेला कचरा संध्याकाळी एकाच पोत्यात जातो, कारण त्यांना दुसरे पोते आणि जास्तीचा वेळ कुणी दिलेलाच नसतो. बहुतेक योजना इथेच कोलमडतात, आणि खापर मात्र मुलांवर फुटते.

डबे नेहमी जोडीनेच ठेवा. एकट्या डब्यात सगळेच पडते. कागदाच्या डब्याच्या झाकणाला अरुंद फट ठेवा, कारण उष्टे सांडले की सगळा गठ्ठा वाया. टाचण्या चालतात, कारखान्यात त्या वेगळ्या निघतात; स्पायरल, प्लास्टिकची कव्हरे आणि लॅमिनेशन केलेले कागद मात्र बाजूला काढा. गठ्ठे कोरड्या खोलीत. झेरॉक्सपाशी पाठकोऱ्या कागदांचा ट्रे हवाच, पण मुलांची नावे-गुण असलेले कागद त्यात नकोत.

खतासाठी साधारण एक मीटर लांब, रुंद आणि उंच खोका घ्या. त्याहून लहान ढीग नीट तापत नाही. एक बादली ओल्या कचऱ्यावर दोन-तीन बादल्या सुका पालापाचोळा टाका. मूठभर मिश्रण दाबल्यावर जेमतेम एखादा थेंब निघावा. वास आला तर ओल जास्त आहे किंवा हवा कमी: पाला घालून वरखाली करा. शिजवलेले तेलकट अन्न सुरुवातीला टाळा, उंदीर येतात. पालापाचोळा वर्षभर मिळत नाही, म्हणून झडतो तेव्हाच पोती भरून ठेवा. मोठ्या सुट्टीच्या पंधरा दिवस आधी नवीन भर थांबवा आणि सुट्टीत पाणी शिंपडायचे कुणी ते ठरवा.

बॅटरी सेलची बरणी ऑफिसात, कुलपात राहू द्या. लहान मुले बटन सेल गिळतात आणि ते जिवावर बेतू शकते. लिथियम सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावूनच आत टाका.