ऑइल फिल्टर जाम झालाय? स्क्रूड्रायव्हर खुपसू नका

मागच्या वेळी कुणीतरी फिल्टर पान्याने करकचून आवळला की तो हाताने हलतच नाही, आणि स्क्रूड्रायव्हर आरपार घातला तर पत्रा फाटतो अन् पकडायलाच काही उरत नाही.

इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, फिल्टर कोमट हवा, चटका बसेल इतका नको. ऑइलचा ओघळ नीट पुसा. मग ६०-८० नंबरचा सँडपेपर खरखरीत बाजू आत ठेवून गुंडाळा आणि वरून बेल्ट पाना (पट्ट्याने आवळून पकडणारा) लावा, इंजिनच्या जितका जवळ तितकं बरं, तिथे पत्रा चेपत नाही. नाशिकमध्ये सातपूर-अंबडकडे हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही मिळतं.

फिल्टर निघाला की त्याच्या तोंडाची जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटलेली नाही ना हे बोट फिरवून बघाच, त्यावर नवीन बसवला तर सगळं ऑइल बाहेर येतं. नव्या रबराला ऑइल लावून, टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा.