सबनॉटिकामध्ये बेसला पुरेशी वीज कशी मिळवावी: थर्मल प्लांट योग्य जागी बसवण्याची पद्धत

राजारामपुरीत आमच्याकडे खेळायला येणाऱ्या मुलांचा ‘सबनॉटिका’ हा व्हिडिओ गेम बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतो: समुद्राखालचा बेस उभा राहतो, पण त्याला वीज पुरत नाही. त्यावर ‘आणखी सोलर पॅनेल लावा’ किंवा ‘थेट अणुभट्टी बांधा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मला हे दोन्ही सल्ले अजिबात मान्य नाहीत, कारण या खेळात जनित्रांच्या संख्येपेक्षा त्यांची जागा कितीतरी महत्त्वाची असते आणि जागेबद्दल मात्र कोणी धड काही सांगत नाही. पुढील माहिती २०१८ साली पूर्ण स्वरूपात आलेल्या पहिल्या भागाची आहे. तुमच्याकडे स्कॅनर (वस्तू तपासून त्यांचा आराखडा मिळवणारे साधन), हॅबिटॅट बिल्डर (बेस बांधण्याचे साधन) आणि सीमॉथ (छोटी पाणबुडी) आहे, असे मी गृहीत धरतो.

सुरुवात सोलर पॅनेलने करावी. २ क्वार्ट्झ, २ टायटॅनियम आणि १ तांब्याचे खनिज एवढ्या साहित्यात एक पॅनेल तयार होते आणि त्यात ७५ युनिट वीज साठते. पॅनेलवर नजर रोखली की ते किती टक्के सूर्यप्रकाश घेत आहे हे दिसते. पाण्याची खोली वाढेल तसा हा आकडा घसरतो आणि रात्री वीज तयार होत नाही, म्हणून उथळ पाण्यातल्या पहिल्या बेसपलीकडे पॅनेलांवर विसंबू नये.

बायोरिॲक्टर, म्हणजे मासे-वनस्पतींपासून वीज बनवणारे यंत्र, बसवण्यासाठी मल्टिपर्पज रूम ही बेसची मोठी खोली लागते आणि तिचा ब्लूप्रिंट (बांधणीचा आराखडा) तरंगत्या बेटावरील पडक्या बेसमध्ये स्कॅन करून मिळतो. बायोरिॲक्टरला ३ टायटॅनियम, १ वायरिंग किट आणि १ वंगण लागते. त्याची साठवणक्षमता ५०० युनिट आहे. त्यात हाताला लागेल ते कोंबू नका. ऑक्युलस माशापासून ६३० आणि रेजिनाल्डपासून ४९० युनिट मिळतात, तेव्हा शक्य असेल तर हेच दोन मासे वापरा. मात्र त्याची वीज सावकाश तयार होते आणि पाणी शुद्ध करणारे एकच यंत्र ती जवळपास सगळी ओढून घेते.

खरी गरज थर्मल प्लांटची, म्हणजे गरम पाण्याच्या उष्णतेवर वीज बनवणाऱ्या जनित्राची आहे, आणि लोक चुकतात ते नेमके येथेच. त्याला इंधन लागत नाही, तो दिवसरात्र चालतो आणि २५० युनिट साठवतो. बांधणीसाठी ५ टायटॅनियम, २ मॅग्नेटाइट आणि १ एरोजेल लागते. एरोजेल म्हणजे १ जेल सॅक आणि १ माणिक. मॅग्नेटाइटसाठी जेलीश्रूम गुहेत जावे. तेथे क्रॅबस्नेक हे हल्ला करणारे प्राणी असतात, त्यामुळे छत्रीसारख्या मोठ्या जेलीश्रूमच्या तोंडाजवळ रेंगाळू नये. जेल सॅक ही वनस्पती एकदा मिळाली की तिची लागवड बाहेरच्या वाफ्यात करावी, म्हणजे पुढच्या प्रत्येक प्लांटसाठी पुन्हा शोध घ्यावा लागत नाही. प्लांटच्या ब्लूप्रिंटसाठी स्कॅन करायचे तुकडे कोसळलेल्या अंतराळ जहाजाच्या अवशेषांभोवती विखुरलेले असतात. ते नुसत्या नजरेने शोधत बसण्यापेक्षा जवळ एक स्कॅनर रूम (आसपासच्या वस्तू शोधून देणारी खोली) उभारून तिच्या यादीतून तुकडे निवडावेत आणि काम झाल्यावर शोध बंद करावा, कारण तीही वीज खाते.

आता जागा. प्लांटभोवतीचे पाणी २५ अंशांच्या वर गेल्याशिवाय तो काहीच निर्माण करत नाही. त्यापुढे १०० अंशांपर्यंत जसजसे तापमान चढते तसतशी निर्मिती वाढते. म्हणजे ३५ अंशांवर बसवलेला प्लांट चालू दिसतो, पण तो आपल्या क्षमतेच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्शावर असतो, आणि ‘थर्मल प्लांट कुचकामी आहे’ अशी तक्रार करणाऱ्यांचे प्लांट बहुधा अशाच ठिकाणी असतात. उष्ण झऱ्यापासून थोडे दूर सरकले तरी पाणी झपाट्याने थंड होते. म्हणून बिल्डर हातात घेण्याआधी सीमॉथ हळूहळू झऱ्याभोवती फिरवा आणि त्याच्या पडद्यावरचे तापमान वाचत जा. झरा अधूनमधून उसळणारा असेल तर एकदोन उसळ्या जाऊ द्या आणि त्या दरम्यानचा सर्वांत कमी आकडा धरा. उसळीच्या क्षणी दिसलेल्या मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. ग्रँड रीफ या खोल भागातील झरे पहिल्या प्लांटसाठी मला पसंत आहेत, मात्र साधा सीमॉथ २०० मीटरपर्यंतच टिकतो, तेव्हा त्याला अधिक खोल जाऊ देणारे मॉड्यूल लावूनच जावे. गरम पाण्यात अंग भाजते, त्यामुळे रीइन्फोर्स्ड सूट घालणेही आवश्यक आहे.

प्लांट बांधून झाला की त्याच्या दर्शनी भागावर तापमानाचा आकडा उमटतो. तो आकडा ६० च्या खाली असेल तर तसाच ठेवून पुढे जाऊ नका. बिल्डरने प्लांट मोडला की सगळे साहित्य परत मिळते. तेव्हा एकदोन पावले झऱ्याकडे सरकून पुन्हा बांधा आणि मनासारखा आकडा येईपर्यंत हेच करा. याला कंटाळा करू नये, कारण चांगल्या जागेचा एक प्लांट वाईट जागेच्या तिघांना भारी पडतो.

ही वीज बेसपर्यंत नेण्यासाठी पॉवर ट्रान्समीटर लागतात. प्रत्येकी १ टायटॅनियम आणि १ सोने. पंचगंगेकाठच्या शेतीपंपासाठी खांबांमागून खांब रोवत जशी तार ओढतात, तशीच ही साखळी उभी करायची आहे. माझी पद्धत प्लांटकडून बेसकडे येण्याची आहे. ट्रान्समीटर रोवण्यापूर्वी मागच्या दुव्याशी जोडणारी प्रकाशाची रेषा दिसते का ते पाहा, आणि ती दिसत नसेल तर तेथे बांधू नका. अंतर फारच मोठे असेल, तर सोने खर्च करून लांबलचक साखळी ओढण्याऐवजी झऱ्याशेजारी दुसरा छोटा बेस बांधणे मी केव्हाही शहाणपणाचे मानतो.

एक गोष्ट कोल्हापूरकरांना मुद्दाम सांगतो. सबनॉटिका आपोआप सेव्ह होत नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडे घरची वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. प्लांट बांधून तापमान पाहिले की लगेच सेव्ह करा, आणि साखळी पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा करा.

अणुभट्टीची गरज बहुतेकांना पडत नाही. तिला १ प्लास्टील इन्गॉट, १ ॲडव्हान्स्ड वायरिंग किट आणि ३ शिसे लागते, शिवाय इंधनाच्या प्रत्येक रॉडसाठी ३ युरेनिनाइट, १ शिसे, १ टायटॅनियम आणि १ काच. चार रॉड एका वेळी बसतात, साठवण २५०० युनिट आहे आणि एक रॉड २०,००० युनिट देतो, हे सगळे खरे. पण युरेनिनाइट गोळा करण्यात जो वेळ जातो त्यात दोन-तीन थर्मल प्लांट सहज उभे राहतात. बेसमध्ये अनेक चार्जर आणि पाणी शुद्ध करणारी यंत्रे एकाच वेळी चालवायची असतील आणि जवळपास उष्ण झरा नसेल, एवढ्याच परिस्थितीत ती बांधावी. आणि मग वापरलेल्या रॉडसाठी अणुकचऱ्याची पेटीही शेजारीच ठेवावी.