जुन्या पाइपवरचा ठसा कसा वाचावा

माझ्याकडे तंबाखू ओढायचा, खडबडीत पोताचा एक काळा पाइप आहे. १९३०च्या दशकातला डनहिल, म्हणजे त्या नावाच्या नामांकित इंग्लिश कंपनीचा, म्हणून मी तो घेतला. स्टेमवर, म्हणजे तोंडात धरायच्या नळीवर, पांढरा ठिपका होता. शँकवर, म्हणजे वाटीपासून निघणाऱ्या लाकडी दांड्यावर, कंपनीचं नाव आणि ‘शेल’ (खडबडीत पोताच्या पाइपांना डनहिलने दिलेलं नाव) हा शब्द होता. तीन महिन्यांनी वडिलांच्या घड्याळ दुरुस्तीच्या भिंगातून बघताना छोट्या वर्तुळात कोरलेला ४ हा आकडा दिसला. असा आकडा पाइप किती लहान-मोठा आहे त्याचा गट सांगतो आणि डनहिलने तो १९५०नंतर वापरायला सुरुवात केली. मग अक्षरं नीट पाहिली. सगळी एकाच खोलीची होती आणि त्यांच्या कडा करपलेल्या होत्या. लेसरचं काम.

तेव्हापासून माझी पद्धत एकच आहे. पाइपवरच्या प्रत्येक खुणेला तिचं साल विचारायचं आणि उत्तरं आपसांत जुळतात का ते बघायचं. नकली ठसा करणारा नावाची नक्कल छान करतो, पण चार-पाच खुणांची सालं एकमेकांशी जुळवणं त्याला क्वचितच जमतं.

पाइप हातात आला की आधी पुसू नका. पॉलिशचं मेण अक्षरांत भरलं की वाचता येणारं बरंच काही हरवतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि टॉर्चचा उजेड बाजूने, तिरपा पाडा. अक्षरं झिजली असतील तर खडूची पूड बोटाने अगदी हलकेच चोळा. पोलादी साच्याने दाबलेल्या ठशात लाकडाचे तंतू खाली दबलेले असतात. शँक गोल असल्यामुळे बहुधा मधली अक्षरं खोल आणि कडेची फिकट उमटतात. ही असमानता चांगली खूण आहे. आज बरेच कारखाने स्वतःच लेसर वापरतात, त्यामुळे नव्या पाइपवर लेसरचं नाव दिसलं तर बिचकू नका. ऐंशी वर्षांपूर्वीचा म्हणून विकल्या जाणाऱ्या पाइपवर मात्र ते चालणार नाही.

आता शँक आणि स्टेम जिथे मिळतात तिथे नख फिरवा. बनावटीचा एक प्रकार असा, की स्वस्त पाइपचं मूळ नाव घासून काढतात आणि त्याच जागी मोठं नाव दाबतात. घासल्यावर लाकूड कमी होतं, म्हणून स्टेम शँकपेक्षा किंचित रुंद राहतो आणि नखाला पायरी लागते. अक्षरांचा तळही बघा. भोवतालचं लाकूड वयाने काळवंडलेलं आणि तळ ताजा, फिकट, तर ठसा पाइपपेक्षा खूप नंतरचा आहे. मला वाटतं, सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात, कारण पाइप खरोखरच जुना असतो.

ठिपक्यावर नुसता भरवसा ठेवू नका. डनहिलचा पांढरा ठिपका स्टेमची वरची बाजू ओळखता यावी म्हणून आला, आणि पांढरे ठिपके इतर कित्येक पाइपांवरही आहेत. उलट, वेगळा ठिपका दिसला म्हणून नकली म्हणू नका. डनहिलमध्ये काम केलेल्या जोएल सासिएनी यांनी १९१९ साली स्वतःचा कारखाना काढला. त्यांच्या सुरुवातीच्या पाइपांवर एकच ठिपका असे, पुढे चार फिकट निळे ठिपके आले. कॉमॉय या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या पाइपांवरचा ‘सी’ तीन तुकड्यांत जडवलेला असे: पांढरी चकती, तिच्या मधोमध काळी चकती, आणि ‘सी’चं तोंड उघडण्यासाठी बाजूला आणखी एक काळा तुकडा. नुसता छापलेला ‘सी’ जुन्या काळचा म्हणून कुणी दाखवला तर स्टेम बदललेला असण्याची शक्यता धरा.

शँकच्या टोकाला धातूचा पट्टा असेल तर तिथे जरा जास्त वेळ द्या. पीटरसन या आयरिश कंपनीच्या निकेलच्या पट्ट्यांवर शॅमरॉकचं तिपानी पान, वुल्फहाउंड कुत्रा आणि गोल मनोरा अशी तीन चित्रं ओळीने असतात. ती कंपनीची सजावट आहे, चांदीची ग्वाही नव्हे. विकणारे मात्र ती ‘चांदीचे हॉलमार्क’ म्हणून दाखवतात. डब्लिनच्या खऱ्या चांदीवर बसलेली हिबर्निया (आयर्लंडचं प्रतीक असलेली स्त्री), मुकुटाचं हार्प हे तंतुवाद्य आणि साल सांगणारं अक्षर असतं. ते अक्षर शँकवरच्या देशाच्या नावाशी ताडून बघा. आयरिश फ्री स्टेट १९२२ ते १९३७ या काळात होतं, आणि ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ हे नाव १९४९मध्ये आलं. पट्ट्याचं अक्षर १९२५चं आणि शँकवर ‘रिपब्लिक’ असेल, तर पट्टा किंवा पाइप दुसरीकडून आलेला आहे.

नळी अंबरची, म्हणजे झाडाच्या जीवाश्म झालेल्या राळेची, आहे असं सांगितलं आणि ती पाइपपासून सुटी असेल, तर मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेल्या पाण्यात सोडून बघा. अंबर तरंगतं, बेकलाइट हे जुनं प्लास्टिक बुडतं. मात्र धातूची कडी असेल तर हा प्रयोग करू नका, कडीच्या वजनाने निकाल चुकतो.

तो काळा पाइप मी कुणाला दिला नाही. दिला असता तर दोन हात पलीकडे जाऊन तो पुन्हा १९३०चा झाला असता. भिंगाशेजारच्या खणात तो पडलेला असतो, आणि नवा पाइप आला की आधी त्याच्या शेजारी ठेवून मी दोन्ही ठसे एकाच उजेडात बघते.